चर्चा करावी

अकराव्या दिवशी यंत्राचं उत्तर आलं. ते सगळ्यात आधी मी वाचलं, कारण छापायचं काम माझ्याकडे होतं.

क्रमांक एक. शैलजा मारोती घुगे, तत्कालीन कनिष्ठ अभियंता, पाणीपुरवठा. ४१.६ टक्के.

मी उठलो, पाणी प्यायलो, परत येऊन बसलो. नाव तेच होतं.

नऊ वर्षं आमच्या करंजटेकमध्ये एकच प्रश्न होता. बाजारातली पाण्याची टाकी कोणामुळे पडली? सत्तावीस माणसं गेली त्यात. माझा मोठा भाऊ सुबोध त्यातला एक. तो एकोणीस वर्षांचा होता, मी चौदा. टाकीखाली दुपारभर सावली असायची, म्हणून मंगळवारच्या बाजारात तो तिथे मोबाईलची कव्हरं विकायला बसायचा. दुकान म्हणजे एक ताडपत्री आणि दोन पिशव्या. सावलीत बसायची पावती नगरपालिका पाच रुपये जास्तीची फाडायची.

टाकी पडली २०२९ च्या एप्रिलमध्ये. जूनमध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला, एक निवृत्त न्यायाधीश, सहा महिन्यांत अहवाल. मग मुदतवाढ. मग परत मुदतवाढ. अशा सतरा. पहिले न्यायाधीश मधेच वारले. दुसरे आले ते म्हणाले की मी साक्षी स्वतः ऐकल्याशिवाय लिहिणार नाही, म्हणजे पहिल्यापासून सुरू. कोणीतरी माहितीच्या अधिकारात खर्च विचारला तर चौदा कोटी निघाला. टाकी दुरुस्त करायचा अंदाज होता अठरा लाख.

मी आयोगात टायपिस्ट म्हणून लागलो एकोणिसाव्या वर्षी, रोजंदारीवर. टायपिंग मोबाईलवर बघून शिकलो होतो. मेलेल्याचा भाऊ आयोगात कसा, असं कोणी विचारलं नाही, कारण त्या पैशात दुसरं कोणी येत नव्हतं. चार वर्षं मी साक्षी टाइप केल्या. विश्रामगृहाच्या दोन खोल्या, एक कूलर, आणि मागच्या बाकावर दर तारखेला माझी आई. ती शाळेत खिचडी शिजवते. तारीख असली की सकाळचं उरकून यायची, बसायची, काही बोलायची नाही. कधी कधी रडायची. मला वाटायचं सुबोधसाठी.

मग गेल्या वर्षी अशा चौकशा यंत्राकडे द्यायचा कायदा आला.

यंत्र काय करतं ते मला जसं समजलं तसं सांगतो. आधी ते सगळं वाचतं. फायली, टिपण्या, टाकीतल्या पातळीमापकाचे आकडे, कोण कुठे होतं याच्या मोबाईलच्या नोंदी, पेपरातले फोटो, आमच्या अकरा हजार पानांच्या साक्षी. त्यातून ते त्या दिवसांचं करंजटेक आत उभं करतं. सिमेंट किती कमजोर, पाणी किती, कोणाला काय माहीत, कोणाच्या हातात काय. मग एकेका माणसाची एकेक गोष्ट बदलून बघतं. या माणसाने सही केली नसती तर? हा साहेब त्या दिवशी रजेवर नसता तर? प्रत्येक वेळी टाकी पडते की उभी राहते ते मोजतं. ज्याची गोष्ट बदलली की टाकी जास्त वेळा वाचते, त्याचा वाटा जास्त. आमची टाकी त्या यंत्रात सहा कोटी वेळा उभी राहिली.

त्याचं सरकारी नाव फार लांब आहे. आमचा शिपाई गुलाबराव त्याला नवीन साहेब म्हणायचा. जुन्या साहेबांना, म्हणजे न्यायाधीशांना, दिवसात आठ चहा लागायचे, नवीन साहेबांना एकपण नाही, त्यामुळे हे काही खरं काम करत नसणार असं त्याचं मत होतं.

कायद्यात असं होतं की पंचवीस टक्क्यांच्या वर वाटा असेल त्याच्यावर थेट खटला. त्याच्या खाली नुसती चौकशी, आणि एक टक्क्याच्या आत असेल त्याचं फक्त यादीत नाव. यादी अंतिम झाली की महिन्याभरात मेलेल्यांच्या घरच्यांना उरलेली भरपाई. आणि आक्षेप घ्यायचा तर सात दिवसांत, तोही मेलेल्याच्या पहिल्या वारसानेच. एक जरी आक्षेप आला तरी यादी बाजूला, आणि आयोग परत तोंडी साक्षींवर.

आयोगाचे सचिव नाईकवाडे साहेब यादी बघून खूश झाले. माणूस वाईट नाही. नऊ वर्षं त्यांचं कुटुंब अकोल्याला आणि ते इथे डब्यावर. सुटलो रे सुमेध, म्हणाले. मग पुढच्या पानावर त्यांची नजर गेली आणि तिथेच थांबली. तिथे रावसाहेब ढवळे होते. टाकी पडली तेव्हा नगराध्यक्ष, आता राज्यमंत्री. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं. त्यांचा वाटा होता ०.९.

साहेब म्हणाले की गणित आहे, आपण काय बोलणार.

आईला मी घरी जाऊन सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. घुगे बाई? असं तिनं दोनदा विचारलं. मग ताट बाजूला ठेवून ती आडवी झाली आणि भर दुपारी झोपली. दोन तास. मी तिला असं झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, झालं. नऊ वर्षांनी एक नाव मिळालं, हिला झोप लागली, आता मी कशाला डोकं चालवू.

पण घुगे मॅडमची साक्ष मीच टाइप केली होती. चार दिवस, दोनशे बारा पानं. टाकीच्या खांबाला तडे गेलेत, आतली सळी उघडी पडली आहे, टाकी निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, असं त्यांनी वर लिहून दिलं होतं. एकदा नाही, सात वेळा. सरकारी कामात अशी टिपणी खालून वर जाते आणि वरून शेरा मारून खाली येते. त्यांच्या सातही टिपण्यांवर नगराध्यक्षांचा एकच शेरा होता. चर्चा करावी. खाली बारीक सही.

चर्चा करावी म्हणजे काय ते ऑफिसात सगळ्यांना माहीत असतं. नाही म्हणायचं नाही, हो पण म्हणायचं नाही. मग केबिनमध्ये बोलवायचं, काय ते तोंडी सांगायचं. कागदावर काही राहत नाही. म्हणून मला कळेना की सात वेळा ओरडून सांगणारी बाई एक नंबरला कशी.

यंत्राला प्रश्न विचारता येतात. दुसऱ्या दिवशी मी विचारले.

घुगे यांना धोका माहीत होता का? उत्तर आलं, होय, सात लेखी नोंदी, खात्री जवळपास पूर्ण. धोका टाळणं त्यांच्या हातात होतं का? होय, व्हॉल्व्हची किल्ली त्यांच्याकडे होती. त्यांनी पाचव्या टिपणीनंतर स्वतःच्या अधिकारात टाकी निम्मी ठेवली होती. दुर्घटनेच्या बारा दिवस आधी त्यांनी ती परत पूर्ण भरली. नोंदवहीत त्यांची सही आहे.

मी लिहिलं, ढवळे यांना माहीत होतं का?

नोंद नाही.

सात वेळा चर्चा करावी लिहिलंय त्यांनी.

त्यावरून चर्चेची तयारी दिसते. चर्चा झाली का, झाल्यास काय झाली, याची नोंद नाही. टाकी पूर्ण भरण्याच्या आदल्या संध्याकाळी ढवळे यांनी घुगे यांना फोन केला. कालावधी चार मिनिटे दहा सेकंद. मजकूर उपलब्ध नाही. घुगे यांचं त्याबद्दलचं विधान बचावातलं असून दुसऱ्या कोणी त्याला दुजोरा दिलेला नाही. नोंद नसलेल्या गोष्टीचं मूल्य शून्य धरलं आहे.

शून्यच का?

दुसरा कोणताही आकडा धरल्यास तो माझा अंदाज ठरेल.

मला राग येईना, कारण ते खोटं बोलत नव्हतं. आणि मग मी एक विचारलं जे विचारायला नको होतं. म्हटलं, सहा कोटी वेळांपैकी किती वेळा सुबोध देवराव सोनोने जिवंत राहतो?

एक कोटी नव्वद लाख बावीस हजार.

इतक्या वेळा तो घरी आला. मी तसंच, काही कारण नसताना, यादीत आमचं आडनाव शोधलं. चार हजार एकशे बारा नावं होती. सोनोने एक निघालं.

क्रमांक ३१८. प्रमिला देवराव सोनोने. ०.०३ टक्के. आधार: वृत्तपत्रातलं छायाचित्र, हंडा मोर्चा.

म्हणजे माझी आई.

फोटो उघडला. नगरपालिकेच्या फाटकासमोर बायकांची गर्दी, डोक्यावर रिकामे हंडे, आणि दुसऱ्या रांगेत आई. मॅडमनी टाकी निम्मी ठेवली तेव्हा चौथ्या दिवशी येणारं पाणी आठव्या दिवशी यायला लागलं. एप्रिल महिना. बायका चिडल्या, मोर्चा गेला, मॅडमच्या टेबलावर हंडे आपटले, त्यांचा पदर ओढला. हे सगळं साक्षीत होतं, मीच टाइप केलं होतं. पण मोर्चात कोण होतं ते नऊ वर्षांत एकाही साक्षीत आलं नव्हतं. आमच्या गल्लीतली एकही बाई कधी म्हणाली नव्हती की मी होते.

मी आईला सांगितलं नाही. तीन दिवस तसेच गेले. गल्लीत लोक भरपाईचं काय करायचं ते बोलत होते. शेजारच्या मंगलाकाकूंचा नवरा टाकीखाली गेला होता, त्यांना पोरीचं लग्न उरकायचं होतं. घुगे बाईंच्या भावाच्या दारात कोणीतरी फुटका हंडा टाकून आलं. मॅडम निलंबित झाल्यापासून भावाकडेच राहतात, शिकवण्या घेतात. यादी लागल्यावर शिकवणीला पोरं यायची बंद झाली.

पाचव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं. त्यांनी मला ओळखलं. आयोगात तू टाइप करायचास ना, म्हणाल्या, मी पदर ओढल्याचं सांगत होते तेव्हा तुझा हात थांबला होता. मला ते आठवत नव्हतं. त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि स्वतः सतरंजीवर बसल्या.

मी विचारलं, वकील लावणार का? म्हणाल्या, नाही. मला वाटलं त्या रडतील, यंत्राला शिव्या घालतील. त्या वहीतलं गणित तपासल्यासारखं बोलत होत्या. आकडा बघून त्यांनी घरी स्वतः हिशोब करून बघितला होता. त्यांचा ३८ आला.

"किल्ली माझ्याकडे होती, सुमेध. भाऊंनी फोनवर सांगितलं, बाई, निवडणुकीपर्यंत भरून ठेवा, पुढचं मी बघतो. पण चाक माझ्या हाताने फिरलं. त्या आधी मला बायकांनी मारलं होतं, मी घाबरले होते. घाबरण्याचा वाटा किती धरायचा ते कोणाला येतं? मला येत नाही."

मी म्हटलं, पण मॅडम, भाऊंचा शून्य पॉइंट नऊ.

त्या म्हणाल्या, ते लिहीत नाहीत. मी लिहिते. मला आमच्या जुन्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, शैलजा, फार लिहू नकोस. मला वाटायचं लिहिलं की आपण सुटतो.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. मी आईच्या नावाचं सांगावं की नाही असं करत होतो, तोच त्या म्हणाल्या की तुझी आई दर तारखेला यायची, मला बघायची. माझ्याकडे रागाने बघत नव्हती. मला ते कधी कळलं नाही.

घरी जाताना माझं डोकं पार गोंधळून गेलं होतं. म्हणजे बाई दोषी आहे, ती स्वतः म्हणते. आणि बाई दोषी नाही, हे मला माहीत आहे. दोन्ही खरं कसं असेल? यंत्र चुकलं म्हणावं तर कुठे चुकलं ते दाखवता येईना. बरोबर म्हणावं तर तोंडात शब्द येईना. आक्षेप घ्यावा तर सव्वीस घरांचे पैसे अडकणार, आयोग परत सुरू, परत मुदतवाढ. आई त्रेपन्न वर्षांची आहे. अजून नऊ वर्षं? आणि आक्षेपाच्या कागदावर सही तिचीच लागणार. म्हणजे तिला यादी दाखवावी लागणार.

सहाव्या दिवशी सकाळी, ती शाळेत जायच्या आधी, मी फोनवर ते पान काढून तिच्यासमोर धरलं.

तिनं चष्मा लावला. नाव वाचलं. मला वाटलं ती विचारेल, हे काय आहे. तिनं विचारलं, "किती?"

म्हटलं, अगदी थोडं. पॉइंट शून्य तीन. काही होत नाही त्याने. नुसतं नाव आहे.

"मले वाटलं लई असंल," ती म्हणाली.

मग ती ओट्याला टेकून खाली बसली आणि बोलायला लागली. मी तिला नऊ वर्षांत इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यातलं बरंचसं मोडकंतोडकं होतं, मी सरळ करून सांगतो. घरात सहा दिवस पाणी नव्हतं. सकाळी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आला. भाऊंच्या पेट्रोल पंपाचा टेम्पो, चालवणारा ओळखीचा. म्हणाला, चला, बाईनं मुद्दाम पाणी तोडलंय, भाऊ आज तिला सगळ्यांसमोर विचारणार आहेत. बायका चढल्या. आई पण चढली, मंगलाकाकूंचा हात धरून. फाटकापाशी भाऊ स्वतः उभे होते.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"एका म्हातारीनं विचारलं, भाऊ, टाकीले तडे गेलेत म्हणतात. ते हसले. म्हणाले, बाईनं मले सात डाव लिहून देलं, मी स्वतः जाऊन पाहून आलो, काही होत नाही टाकीले. आत जा अन् विचारा तिले. मंग आमी आत गेलो."

मला आधी नीट कळलंच नाही तिनं काय सांगितलं ते. मग हळूहळू कळलं. नोंद नाही, नोंद नाही, असं यंत्र म्हणत होतं, आणि ती नोंद आमच्या स्वयंपाकघरात बसली होती. एकट्या आईकडे नाही. त्या टेम्पोत आलेल्या, फाटकापाशी उभ्या असलेल्या प्रत्येक बाईकडे.

मी तिच्यावर ओरडलो. ते मला लपवायचं नाही. काहून नाही सांगितलं इतकी वर्षं, दर तारखेला जाऊन बसायचीस, जज्जसाहेब समोर होते, मी समोर होतो.

"काय सांगू?" ती म्हणाली. "त्या बाईचा पदर मी ओढला. पाणी माह्यासाठी भरलं तिनं. बारा दिवस मी त्याच टाकीचं पाणी भरलं, अन् सुबोधले त्याच टाकीखाली बसाले धाडलं. हे मी कोणाले सांगू?"

शाळेतून दोनदा फोन आला, तिने उचलला नाही.

मी तिला सगळं समजावलं, माझ्याच्याने जमेल तसं. सही केली तर काय, नाही केली तर काय. मंगलाकाकूंचे पैसे अडकतील हेही सांगितलं. हेही सांगितलं की भाऊ मंत्री आहेत, हाती काही लागणार नाही असंच जास्त वाटतं. तू म्हणशील तसं, असं म्हणालो. खरं तर मला वाटत होतं की तिने नाही म्हणावं. मग मला पुढे काही ठरवावं लागलं नसतं.

तिने फक्त एकच विचारलं. सही केली तर घुगे बाईला पोलीस नेणार नाहीत ना? म्हटलं, आत्ता तरी नाही. परत सगळं संपेपर्यंत नाही.

तिने सही केली.

नाईकवाडे साहेबांनी कागद घेतला आणि घरी जायला खाली काढलेली त्यांची बॅग परत कपाटाच्या वर ठेवली. यादी बाजूला गेली. गल्लीत बातमी अर्ध्या तासात पोचली. मंगलाकाकू दारात येऊन आईला जे बोलल्या ते मी लिहीत नाही. शेवटी म्हणाल्या की तुला मोठी हरिश्चंद्र व्हायचं तर हो, पण माझ्या पोरीचं लग्न कशाला मोडतेस, आणि टेम्पोत होते म्हणून माझं नाव घेतलंस तर याद राख. लग्न मोडलं नाही, पण पुढे ढकललं गेलं. त्या अजून आमच्याशी बोलत नाहीत. नळावर आई उभी राहिली की बाकीच्या दोन पावलं मागे सरकतात. तिला शाळेतून काढलं नाही, पण खिचडी शिजवायला दुसरी बाई ठेवली, आणि आईला भांडी दिली.

आईची साक्ष ऑगस्टमध्ये झाली. ती सगळं बोलली. पदर ओढल्याचं आधी, भाऊंचं नंतर. मी टाइप करत होतो. मॅडम मागच्या बाकावर, आई बसायची तिथेच, बसल्या होत्या. साक्ष संपल्यावर त्या आईजवळ आल्या नाहीत, आईही गेली नाही. दोघी वेगवेगळ्या फाटकांनी गेल्या.

मला वाटलं होतं की आई बोलली की बाकीच्या बोलतील. तीन जणींनी नावं दिली. त्यातल्या दोघींनी पुढच्याच तारखेला मागे घेतली. एक टिकली, ती म्हातारी जिने तडे गेल्याचं विचारलं होतं. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. भाऊंच्या वकिलांनी तिला आज वार कोणता ते विचारलं, तिला सांगता आलं नाही.

मध्ये एकदा मी यंत्राला परत विचारलं. ते अजून खोलीत होतं, बंद केलं नव्हतं. आईची साक्ष आत घातली आणि म्हटलं, आता सांग. त्याने तीन तास घेतले. घुगे १९.२. ढवळे २२.४. दोघंही पंचवीसच्या खाली. आईचा वाटा वाढून १.१ झाला होता, कारण धोका आहे हे तिने फाटकापाशी स्वतः ऐकलं होतं.

हे मी कोणालाही सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय. त्या दिवशी मी यंत्र बंद करून बाहेर पायरीवर बसलो होतो आणि मला खरंच कळत नव्हतं की आम्ही काय मिळवायला निघालोय. खालच्या माणसाने खरं सांगितलं की त्याचा वाटा वाढतो. वरच्याने काही सांगितलं नाही की तो पंचवीसच्या खालीच राहतो. मग कोणी का बोलावं?

राज्यमंत्री ढवळे यांना बोलवायला आठ महिने लागले. अधिवेशन, मग दौरा, मग तब्येत. शेवटी एका गुरुवारी ते आले. चार गाड्या. विश्रामगृहाचं अंगण त्या दिवशी झाडलं होतं. भाऊ चांगलेच वागले. आत येताच त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, आईला पण, वहिनी म्हणून. खुर्चीत बसले. आयोगाच्या वकिलांनी तासभर विचारलं, त्यांनी तासभर उत्तरं दिली. टिपण्या आल्या होत्या, हो. चर्चा करावी असं लिहिलं, हो, कारण तांत्रिक विषय होता. चर्चेत गंभीर असं काही समोर आलं नाही. बाईंबद्दल मला सहानुभूती आहे.

मग न्यायाधीशांनी विचारलं की पीडितांपैकी कोणाला काही विचारायचं आहे का. तशी मुभा असते. एरवी कोणी विचारत नाही.

आई उठली. तिचा हात बाकाच्या पाठीवर होता.

"भाऊ, फाटकापाशी तुमी आमाले काय म्हणाले होते?"

भाऊंचे वकील उठायला लागले, न्यायाधीशांनी हातानेच बसा म्हटलं. भाऊंनी आईकडे बघितलं. हसले नाहीत, चिडले नाहीत. बराच विचार करतोय असं दाखवलं, आणि म्हणाले, "वहिनी, दहा वर्षं झाली. मला आठवत नाही."

मी ते टाइप केलं. खोलीत सगळ्यांना वाटलं की झालं. नाईकवाडे साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. भाऊंनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला. न्यायाधीश मला पुढची तारीख सांगायला लागले.

"मंग मी थांबते," आई म्हणाली. पण ती बसली नाही.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. कशासाठी थांबता बाई, आजचं काम संपलं, असं त्यांनी समजुतीने सांगितलं.

"त्यायले आठवंपर्यंत."

आई तशीच उभी होती. मागच्या बाकावर घुगे मॅडम उठून उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी हातातला कागद खाली ठेवला, घड्याळात बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले की तारीख आत्ता लिहू नका, अजून साडेतीनच वाजलेत.

भाऊ अर्धे उठले होते. ते परत बसले.